पाव : किलोतला, लादीतला आणि देवाचा

प्रश्न असा. दादरच्या मंडईत ‘पाव किलो भेंडी’ मागतात, स्टेशनबाहेरच्या गाडीवर ‘दोन वडापाव’. दोन्हींतला पाव एकच का? पीठ पायांनी तुडवत म्हणून पाव, असंही सांगतात.

दोन्ही वेगळे. मापातला पाव म्हणजे संस्कृत ‘पाद’, चौथा भाग. दोन स्वरांमधला द प्राकृतात गळाला : पाद, पाअ, पाव. त्याच घरातले सव्वा (सपाद) आणि पाऊण (पादोन, पाद कमी). म्हणून पाऊण किलो ७५० ग्रॅम, सव्वा किलो १२५०. ‘पावणेदोन’मधलं पावणेही हेच. जुनी चार आण्यांची पावली म्हणजे रुपयाचा चौथा हिस्साच.

लादीतला पाव पोर्तुगीज. मूळ लॅटिन ‘पानिस’, भाकरी. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होती. पगार, बटाटा हे शब्दही त्यांचेच. त्यांचा उच्चार नाकातला, ‘पाँव’सारखा. मराठीत ते अनुनासिक गेलं आणि रूप नेमकं आपल्या जुन्या पावासारखं झालं.

तिसरा पाव राहिला : ‘देव पावला’. हा ‘प्राप्’पासून. प्रचा प झाला आणि शेवटच्या पचा व, जसा दीपचा दिवा. पावती यातलीच, पैसे पावल्याची खूण.

ओळखायचं कसं? विभक्ती लावून बघा. ‘पावाला लोणी लाव’ इथे नाम आहे, सामान्यरूप होतं. ‘पाव किलोला किती?’ इथे विशेषण आहे, ते बदलत नाही. प्रत्यय किलोला लागतो. ‘देवा, मला पाव’ हे क्रियापद, आज्ञार्थी.

आता तुडवण्याची गोष्ट. ही व्युत्पत्ती केवळ आवाजावरून जुळवलेली आहे आणि ती टिकत नाही, कारण हाच पोर्तुगीज शब्द जपानातही गेला. तिथे पोर्तुगीज १५४३ मध्ये पोचले. जपानीत पावाला आजही ‘पान’ म्हणतात; आपल्याकडे गेलेलं अनुनासिक तिथे ‘न’ हा वर्ण होऊन टिकलं. तिथे आपला पाय कुठून येणार? आणि आपलं विड्याचं पान तर ‘पर्ण’पासून, म्हणजे तिथेही नुसता आवाजच सारखा.

एक भर. सिंगापूर-मलेशियात सारण भरलेला गोल ‘पाउ’ मिळतो. दिसायला पावाचा भाऊ, पण मूळ चिनी, अर्थ गुंडाळणं. आणि तो भट्टीत भाजत नाहीत, वाफवतात.