हवा मोजून कोल्हापूरला काय मिळालं?

मंगळवारपेठी
परवा एका भावानं टाकलं, "हवा मोजायच्या यंत्रांपेक्षा खड्डे मुजवा." वर लाइकचा पाऊस! मर्दांनो, पीएम १० म्हणजे हवेतली बारीक धूळ वर्षानुवर्षं मर्यादेबाहेर, म्हणून केंद्राच्या २०१९ च्या शुद्ध हवा कार्यक्रमात सांगली-सोलापूरबरोबर आपलं नाव लागलं. निधी त्या आकड्यावर आला, तुझ्या खोकल्यावर नाही.

खड्डेवाला
तो भाऊ मीच. आला निधी, मग? दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेनं हिशेब मांडलाय, देशभरात या निधीतला ६४ टक्के खर्च रस्त्याच्या धुळीवर. झाडा, पाणी मारा, परत उकरा. आपल्या दाभोळकर कॉर्नरच्या चौकात सिग्नलपुरतं उभं राहून दाखव.

चांगभलं७१
कार्यक्रमात शहराला गुण पीएम १० वर मिळतात, म्हणून पैसा धुळीवर. जे मोजाल तेच दिसणार. धुरातला पीएम २.५, म्हणजे त्याहून बारीक कण, फुफ्फुसातनं रक्तात उतरतो. त्याची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची ५! भट्ट्या, बॉयलर, शेतात पेटवलेलं उसाचं पाचट यांच्याकडं कोण बघणार?

खोडवा
आलात का पाचटावर! एकरी तीन-चार टन पाला पडतो. ऊस गेला की खोडव्याला, म्हणजे बुडख्यातनं परत फुटणाऱ्या उसाला, पाणी द्यायचंय, सऱ्या बुजलेल्या, माणूस मिळत नाही. 'कुजवा' म्हणणाऱ्यांनी एकदा त्या पाल्यात चालून बघावं, पिंढऱ्या सोलून निघतात. कारखान्याच्या धुराड्याला हात लावायची छाती आहे का?

खड्डेवाला
बरोबर! शेतकरीच सापडतो सगळ्यांना.

मंगळवारपेठी
तू गप, तुझा विषय खड्डे. खोडवा, माझी आई बासष्टची. हंगाम सुरू झाला की सकाळी वाळत घातलेल्या लुगड्यावर काळी काजळी, आणि रात्री दम्याचा पंप. कुठल्या सरीतनं आली ते मी कसं सांगू?

खोडवा
माझ्या बापालाही दमाच आहे. काडी तोच लावतो.

चांगभलं७१
म्हणूनच मोजायचं ना! यंत्रात हातानं गाळणकागद लावून धूळ धरायची, ती मोजणी आठवड्यातनं दोनदा, वर्षाला १०४ दिवस. उरलेले २६१ दिवस आई श्वास घेत नाही का? फड पेटला त्या रात्री कागदच नसेल, तर पाचट सुटलं आणि धुराडंही सुटलं.

खड्डेवाला
म्हणजे यंत्रं कमी आहेत, हे तूच कबूल केलंस. बरं, घ्या अजून चार. खड्ड्यांचे पैसे सोडून.

खोडवा
यंदा दोन एकरातलं पाचट न पेटवता यंत्रानं कुट्टी करून बघतो. यंत्राचं भाडं मंगळवार पेठ देणार?

मंगळवारपेठी
देतो की. मोजून.