मदत हवी आहे: मांजरीने औषध खाल्लेला उंदीर खाल्ला असावा
आमची मनी ३ वर्षांची, माळ्यावरचे सगळे उंदीर तीच संपवते. परवा रात्री धरलेला उंदीर आधीच सुस्त होता, पळतही नव्हता, सकाळी ओट्याखाली नुसतं शेपूट उरलेलं. काल कळलं शेजारी भाताच्या पोत्यांपाशी ब्रोमाडिओलोनच्या (उंदीर मारायचं विष) वड्या ठेवल्यात, त्याने रक्त गोठत नाही आणि लक्षणं ३-५ दिवसांनी दिसतात, म्हणून जीव टांगणीला लागलाय. सध्या नीट खातेय, हिरड्या गुलाबी आहेत, रक्त कुठेच नाही. वड्या उचलायला लावल्या, तिला घरातच कोंडलंय. मांजरांचे डॉक्टर ४० किमीवर, फोन लागत नाहीये. ५ आठवड्यांची पिल्लं अजून अंगावर पितात. रक्त गोठण्याची टेस्ट कितव्या दिवशी करायची की लक्षणं नसतानाच व्हिटॅमिन के१ (या विषावरचा उतारा) सुरू करतात, आणि तोवर पिल्लांना तिचं दूध पिऊ द्यायचं का?