संकरित ग्रेप टोमॅटो: कोलमडणारी रोपे आणि फळांतील बिया

प्रश्न
संकरित ग्रेप टोमॅटोच्या पाकिटात मोजक्याच बिया असतात, म्हणून मी त्या फार जपून कोकोपीटच्या ट्रेमध्ये पेरल्या. बहुतेक सर्व आठवडाभरात उगवल्या. परंतु रोपे फिकट आणि लांबट झाली, आणि त्यांपैकी निम्मी बुडाशी काळी, बारीक पडून आडवी झाली. ट्रे खिडकीपासून थोडा आत होता आणि सुकू नये म्हणून मी रोज पाणी देत होतो. उरलेली रोपे वाचतील का? आणि पुढे त्यांच्या फळांतील बिया पेरल्या तर चालतील का?

प्रतिसाद १
यात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. टोमॅटोचे बी उगवायला उजेड लागत नाही, २१ ते २७ अंश सेल्सिअसची ऊब पुरते. मात्र कोंब वर आल्या दिवसापासून भरपूर उजेड मिळाला नाही, तर रोप त्याच्या शोधात लांबत जाते. बुडाशी काळे पडणे हा बुरशीजन्य रोग असून सतत ओलसर माध्यम आणि कोंदट हवा यांमुळे तो पसरतो. आडवी झालेली रोपे आजच काढून टाका, ट्रे उजेडात हलवा, आणि वरचा थर सुकल्यावरच, तेही खालून, पाणी द्या.

प्रतिसाद २
लांबट पण निरोगी रोपांची चिंता करू नका. टोमॅटोच्या खोडाला मातीखाली नवी मुळे फुटतात, त्यामुळे बीजपत्रांनंतरची (बीजपत्रे म्हणजे उगवताना आलेली पहिली दोन पाने) खरी पाने आल्यावर रोप बीजपत्रांपर्यंत खोल लावले की ते सावरते. बाहेर लावण्यापूर्वी मात्र ७ ते १० दिवस त्याला हळूहळू उन्हाची सवय करा.

प्रतिसाद ३
बियांविषयी: त्या उगवतील, पण झाड तेच नसेल. पाकिटातले बी दोन ठरावीक वाणांच्या संकराची पहिली पिढी असते, म्हणून सर्व झाडे सारखी निघतात; पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि फळाचा आकार, गोडी, रोगप्रतिकार झाडागणिक बदलतो. तोच वाण हवा असेल, तर पानाच्या बगलेत फुटणारा जोमदार फुटवा १० ते १५ सेंटीमीटरचा झाल्यावर काढून ओल्या माध्यमात लावा. दोनेक आठवड्यांत तो मुळे धरतो, आणि तो मूळ झाडाचाच अंश असल्यामुळे फळही हुबेहूब तसेच देतो.