एनएफएस माउंट पुन्हा एनएफएसवरून एक्सपोर्ट करणं: प्रॉडक्शनमध्ये चालेल का?

रेंडर_रात्रपाळी
माझं मत: चालेल. (एनएफएस म्हणजे दुसऱ्या मशिनवरच्या फाइल नेटवर्कवरून वापरायची पद्धत; री-एक्सपोर्ट म्हणजे एका सर्व्हरकडून घेतलेला शेअर मधल्या सर्व्हरने पुढे इतरांना देणं.) समजा मूळ सर्व्हर लांबच्या शहरात आहे, राउंड ट्रिप ३० मिलिसेकंद. रेंडर करायच्या एका सीनमागे दहा हजार लुकअप (फाइलचं नाव शोधायच्या विनंत्या) ओळीने झाले की ३०० सेकंद नुसते वाटेत जातात. मधे एक लिनक्स सर्व्हर ठेवा. मूळ शेअर एनएफएस व्ही४.२ ने 'आरओ, एफएससी, नोसीटीओ, ॲक्टिमिओ=३६००' (फक्त वाचन, डिस्कवर कॅश, फाइल उघडताना ताजेपणा तपासायचा नाही, फाइलची माहिती तासभर कॅशमध्ये) लावून माउंट करा, कॅशफाइल्सडी या डिस्क-कॅश सांभाळणाऱ्या सेवेची डिरेक्टरी एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडी) ठेवा आणि तोच माउंट केएनएफएसडीतून (लिनक्स कर्नलमधला एनएफएस सर्व्हर) इथल्या मशिनांना व्ही३ ने द्या. प्रत्येक मशिनवर वेगळा एफएस-कॅश (हाच डिस्कवरचा कॅश) ठेवलात तर २०० मशिन एकच टेक्स्चर २०० वेळा ओढतील.

लॉक_आधी
मला हे धोक्याचं वाटतं. मधला सर्व्हर रीबूट झाला की क्लायंट आपापले लॉक (फाइल दुसऱ्याने बदलू नये म्हणून घेतलेला ताबा) परत मागायला येतात. पण मूळ सर्व्हर पडलेलाच नसतो, त्यामुळे तो ग्रेस पीरियडमध्ये (सर्व्हर पुन्हा उठल्यावर फक्त जुने लॉक परत द्यायची मुदत) नसतो. मधल्या वेळात तोच लॉक दुसऱ्याने घेऊन फाइल बदललेली असू शकते. ती बदलली नाही याची हमी द्यायला कुणीच नाही. म्हणूनच नव्या कर्नलमध्ये अशा एक्सपोर्टवर व्ही४ चे लॉक आणि डेलिगेशन (फाइल काही काळ क्लायंटच्या भरवशावर सोपवणं) सरळ नाकारले जातात. एसक्यूलाइटची (लॉकवर विसंबणारा डेटाबेस) फाइल यावर कृपा करून ठेवू नका.

चौसष्ट_बाइट
व्ही३ ने देणार असाल तर हँडलची (सर्व्हर प्रत्येक फाइलला देतो तो ओळख-कोड) लांबी आधी मोजा. री-एक्सपोर्टमध्ये मूळ हँडलला २२ बाइट जोडले जातात आणि बेरीज चारच्या पटीत वर जाते. मूळ सर्व्हरची फाइलसिस्टिम ईएक्सटी४ असेल तर २८ चं ५२ होतं, एक्सएफएसचं ३२ चं ५६, बीटीआरएफएसचं ४० चं थेट ६४. व्ही३ ची मर्यादाही ६४च! मूळ सर्व्हरने बीटीआरएफएसची नुसती सबडिरेक्टरी एक्सपोर्ट केली असेल तर सहसा आणखी ४ ते ८ बाइट वाढतात, आणि मग हँडल मावतच नाही. व्ही४ मध्ये १२८ पर्यंत जागा आहे.

शिवाय एनएफएस माउंटला यूयूआयडी (फाइलसिस्टिमची स्वतःची ओळख) नसतो, म्हणून एक्सपोर्ट्स फाइलमध्ये 'एफएसआयडी=' हा ओळख-नंबर द्यावाच लागतो. क्रॉसएमएनटी (आतले माउंटही सोबत देणारा पर्याय) तो आतल्या माउंटपर्यंत नेत नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या नंबराची वेगळी ओळ लिहा. पुढे नंबर बदललात तर क्लायंटवर 'स्टेल फाइल हँडल' (जुना हँडल चालेनासा झाला) ही एरर.

रेंडर_रात्रपाळी
लॉकचं मान्य, म्हणून तर 'आरओ'. रेंडरचं आउटपुट थेट मूळ सर्व्हरच्या वेगळ्या माउंटवर जाऊ द्या.

लॉक_आधी
वाचनातही गोम आहे. कुणी तेच नाव ठेवून टेक्स्चर बदललं तर तासभर जुनंच रेंडर होत राहील. नोसीटीओ काढूनही भागत नाही: व्ही३ क्लायंट फाइल उघडताना गेटॲट्रिब्यूट (फाइलची वेळ, आकार वगैरे विचारणारी विनंती) पाठवतो, आणि मधला सर्व्हर त्याला स्वतःच्या ॲट्रिब्यूट कॅशमधून उत्तर देतो. कर्बरोसचंही (तिकिटाने युजरची ओळख पटवायची पद्धत) दुखणं आहे. युजरचं तिकीट मधल्या सर्व्हरकडे नसतं, म्हणून मागच्या बाजूला बहुधा 'सेक=सिस'वर (क्लायंट सांगेल तो यूआयडी, म्हणजे युजर क्रमांक, खरा मानणं) यावं लागतं. मग त्या एका मशिनचा रूट ज्याच्या हाती, त्याला हव्या त्या यूआयडीने सगळं वाचता येतं.

रेंडर_रात्रपाळी
त्यासाठी मूळ सर्व्हरवर त्या एका आयपीला फक्त टेक्स्चरचा शेअर द्या, तोही 'आरओ' आणि रूट-स्क्वॉशसह (रूटला सामान्य युजर मानणं). फाइल पब्लिश झाली की तिला हात लावायचा नाही, बदल नव्या व्हर्जनच्या नावाने. जिथे ही शिस्त पाळली जात नाही, तिथे ॲक्टिमिओ ३ सेकंदांवर आणा, आणि दर वेळी मुदत संपली की पुन्हा ३० मिलिसेकंद मोजायची तयारी ठेवा.