ओशी मोठी झाली की जुन्या फॅननी काय करायचं?

संध्याकाळचा_रंकाळा
मनापासून विचारायलोय, चेष्टा करू नका. मी चारपाच वर्षं झाली होलोलाईव्ह बघतोय, म्हणजे जपानच्या व्हीट्यूबर लोकांचा ग्रुप, ह्या स्वतःचं तोंड न दाखवता कार्टूनसारख्या कॅरेक्टरमागून यूट्यूबवर लाईव्ह येतात. त्यातली होशिमाची सुईसेई माझी ओशी, म्हणजे जिला मनापासून सपोर्ट करतो ती. जपानात रात्री नऊला स्ट्रीम लागली की आपल्याकडं साडेपाच, मग कॉलेज सुटलं की रंकाळ्याच्या कट्ट्यावर एक इअरफोन माझ्या कानात एक दोस्ताच्या, आणि तिचं टेट्रिस बघत अंधार पडेपर्यंत बसायचं. जपानी ओ की ठो कळत नव्हतं, क्लिपवाले खाली इंग्रजी टाकायचे त्यावर भागायचं. परवा मावसभावाच्या हळदीत एका पोरीनं तिच्या गाण्यावर रील केलं, तिला व्हीट्यूबर म्हणजे काय हे पण माहीत नाही, "ती निळ्या केसांची गाणारी" एवढंच. मला आनंद झाला, खरंच झाला, पण घरी येताना पोटात कसंतरी व्हायला लागलं. आता टीव्ही, कॉन्सर्ट, रेकॉर्डिंग, आणि तसली निवांत गेमची स्ट्रीम मला तरी कमीच दिसती. तिनं आधीसारखं आमच्याशी गप्पा मारत बसावं असं वाटणं चूक आहे का?

पेठेतला_गोलकीपर
भावा वाईट वाटणं चूक नाही, पण ती कुठून आली ते आठव. २०१८ च्या मार्चमध्ये एकटीनं सुरू केलंय तिनं, मागं कंपनी नाही, कॅरेक्टरचं चित्र पण स्वतःच काढलेलं. २०१९ मध्ये होलोलाईव्ह चालवणाऱ्या कव्हर कंपनीच्या म्युझिक लेबलात गेली आणि वर्ष संपता संपता होलोलाईव्हमध्ये. टोकियोच्या बुदोकान ह्या मोठ्या हॉलमध्ये गायचंय हे ती लई आधीपासून सांगत होती, १ फेब्रुवारी २०२५ ला गायली. म्हणजे ती तुला सोडून कुठं गेली नाही, जिथं जायचं म्हणत होती तिथंच गेली आणि तू तेव्हापासून बघत होतास. आपल्या पेठेतलं पोरगं शाहू स्टेडियमवर खेळून खेळून बाहेरच्या क्लबात सिलेक्ट झालं की तालमीत सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं, पण जाऊ नको म्हणणारा एक पण नसतोय.

गल्लीतली_मांजर
मी या बाजूनं सांगतो (पोरगी आहे, पण आपल्याकडं असंच बोलतात). दोन वर्षं मराठीत स्ट्रीम करतोय, लाईव्हला बारा-पंधरा जण असतात. कॅरेक्टर लाईव्ह टूडी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलंय, त्यात पापणी वेगळी, ओठ वेगळे, केसाची एकेक बट वेगळ्या लेयरवर, मग प्रत्येकाला हालचाल द्यायची आणि मोबाईलचा कॅमेरा तोंड बघून ते सगळं हलवतो, नुसतं नीट हसायला लावण्यात माझा आख्खा मे महिना गेला. तर गेल्या गणपतीत आमच्या मंडळानं विचारलं, एलईडी स्क्रीनवर तुझं कॅरेक्टर लावून अनाऊन्समेंट करतेस का. केली. काकू लोक स्क्रीनसमोर उभ्या राहून "आत कोण बोलतंय गं?" विचारत होत्या आणि मी मागं टेबलाजवळ, तोंडासमोर मोबाईल. जन्मात विसरणार नाही ते. पण दुसऱ्या दिवशी माझ्या पहिल्या दिवसापासूनच्या एकानं लिहिलं, "काल तू वेगळीच वाटलीस, आता सगळ्यांची झालीस."

लई लागलं. मग रेकॉर्डिंग परत ऐकलं तर त्याचं खरं होतं. नवीन माणसासमोर पहिल्यापासून सांगायला लागतं मी कोण, हे काय, त्यात आपल्या आतल्या गमती निघून जातात, आणि जुन्या माणसाला ते परकं वाटतं. मी काय बदललो नव्हतो, फक्त त्या काकूंशी बोलत होतो. बारा जणांत एवढं होतंय तर लाखो लोक असलेलीचं काय होत असंल. आणि आईच्या ऑपरेशनला मी तीन आठवडे गायब होतो तेव्हा "विसरलीस आम्हाला" असे मेसेज आलेले, कारण काय ते मी सांगितलं नव्हतं आणि सांगायचं पण नव्हतं. तेवढी एक जागा फॅननी सोडावी, बाकी हक्कानं मागा, आम्हाला आवडतं.

दोन_नंबर_मिसळ
वरचं पटलं पण फॅनच्या अपेक्षेला सरसकट नावं ठेवू नका. किझुना आई नावाची जपानी व्हीट्यूबर बघा, २०१६ च्या शेवटी आली आणि व्हर्च्युअल यूट्यूबर हा शब्दच तिचा. २०१९ मध्ये तिच्या कंपनीनं त्याच चेहऱ्याला वेगवेगळे आवाज द्यायला सुरू केलं, म्हणजे चित्र तेच आणि माणूस दुसरा. फॅन चिडले आणि बरोबर चिडले, कारण लोक चित्रासाठी येतात पण राहतात त्या माणसासाठी. तिथं अपेक्षा धरणारेच शहाणे होते. आणि होलोलाईव्हचीच गॉर गुरा, चाळीस लाखांच्या वर सबस्क्रायबर, २०२४ च्या जुलैत सुईसेई आणि तिथल्याच पेकोराबरोबर अमेरिकेतल्या डॉजर बेसबॉल स्टेडियमच्या स्क्रीनवर, ह्याच्यापेक्षा मोठं मेनस्ट्रीम काय असतंय. तरी मधे मधे महिनोन्‌महिने स्ट्रीम नसायची आणि १ मे २०२५ ला ग्रॅज्युएट झाली, म्हणजे होलोलाईव्ह सोडलं. त्या रात्री मी जागा होतो. गुराला बघायला मिळत होतं तेव्हा "उद्या बघू" म्हणून कितीतरी स्ट्रीम सोडल्या, त्याचं मला आजपण वाईट वाटतंय.

संध्याकाळचा_रंकाळा
सगळ्यांचं दोनदा वाचलं. गोलकीपर, बुदोकानचं ती बोलायची तेव्हा मी ऐकलेलं की, मग आता कसंतरी का व्हावं. हळदीतल्या त्या पोरीचा नंबर भावाकडून घेऊन तिला टेट्रिसची एक जुनी स्ट्रीम पाठवली, अजून बघितली नाही तिनं. मांजर, आई बरी आहे का आता? आणि तुझी पुढची स्ट्रीम कधी?

गल्लीतली_मांजर
आई बरी आहे, हिंडती फिरती झाली. शनिवारी रात्री साडेनवाला. नवीन आहेस म्हणून चॅटमध्ये सांग, मी पहिल्यापासून सांगतो.