मदत हवी आहे: पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच्या स्वमग्नतेविषयी कोणत्या शब्दांत सांगावे?

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून नववीत शिकतो. गेल्या महिन्यात, तीन भेटींनंतर, बालमनोविकारतज्ज्ञांनी त्याला ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, असल्याचे निदान केले. तो वेळेवर बोलू लागला होता आणि सातवीपर्यंत त्याला गुणही चांगले मिळत होते, त्यामुळे 'एकलकोंडा आहे, हट्टी आहे' असे म्हणून शाळेने आणि आम्हीही विषय तिथेच सोडला. विसर्जन मिरवणुकीत साउंड सिस्टिम सुरू झाली की तो कान घट्ट दाबून तालमीच्या भिंतीआड जाऊन बसायचा आणि आम्ही त्याला दंडाला धरून पुन्हा गर्दीत आणायचो, हे आठवले की आजही जीव कासावीस होतो.

हा आजार नसून मेंदूच्या जडणघडणीतला जन्मापासूनचा फरक आहे आणि तो संगोपनातील चुकीमुळे होत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावले. आमचा प्रश्न पुढचा आहे. अहवाल टेबलावर राहिला आणि त्याने तो वाचला. रात्री जेवताना त्याने विचारले, "आई, स्वमग्न म्हणजे स्वतःतच बुडालेला ना? पण मी तर पंचगंगेकडे बघत असतो, स्वतःकडे नाही."

त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे. २०१९ च्या महापुरानंतर त्याने एक वही सुरू केली. पावसाळ्यात रोज सकाळी तो पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी त्यात नोंदवतो, ३९ फुटांच्या इशारा पातळीवर पिवळी आणि ४३ फुटांच्या धोका पातळीवर लाल रेघ ओढतो, आणि राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले तेही समासात लिहितो. एखाद्या दिवसाचा आकडा मिळाला नाही तर त्याला जेवण जात नाही. अशा मुलाला मी 'स्वमग्न' हा शब्द कसा पटवू? "रविवारी निवांत बोलू," असे मी त्याला सांगितले, त्याला दोन रविवार उलटून गेले. तो पुन्हा विचारत नाही, मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दोन्ही रविवारांभोवती त्याने पेन्सिलीने गोल केले आहेत.

घरात एकमत नाही. सासूबाई म्हणतात, "कुणाला काय सांगू नका, उद्या लग्नात आडवं येतंय." माझ्या पतींना वाटते की दहावी होईपर्यंत थांबावे. मला ते पटत नाही, कारण बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळेची सवलत घ्यायची तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागेल, आणि तपासणीसाठी त्याला स्वतःला शासकीय रुग्णालयात डॉक्टरांसमोर बसावे लागेल. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, तेव्हा सवलत मागण्यात गैर काहीच नाही. पण आपल्याला तिथे कशासाठी नेले आहे हे त्याला ठाऊक नसावे, हे मला अन्यायाचे वाटते.

ज्यांच्या मुलांचे निदान बारा-तेरा वर्षांनंतर झाले, त्यांनी कृपया सांगावे: पहिल्यांदा कोण बोलले, आईवडील की समुपदेशक? 'स्वमग्नता' म्हणालात, 'ऑटिझम' म्हणालात, की आधी कोणतेही नाव न घेता आवाजाचा त्रास, ठरलेला क्रम मोडल्यावर होणारी घालमेल अशा त्याच्या ओळखीच्या गोष्टींपासून सुरुवात केलीत? वर्गातील मुलांना सांगायचे की नाही, हे त्याच्यावरच सोपवावे का? आणि ज्यांना स्वतःला किशोरवयात हे कळले, त्यांनी तेव्हा कोणते वाक्य ऐकायला हवे होते आणि कोणते मुळीच नको होते, तेही लिहावे. औषधोपचाराविषयी सल्ला नको, त्यासाठी आमचे डॉक्टर आहेत. येत्या रविवारी मी त्याच्याशी बोलणार आहे, म्हणून शनिवारपर्यंत उत्तरे मिळाली तर फार आधार होईल.