मदत हवी आहे: मागच्या ब्रेकचा बूस्टर फाटलाय, भरलेली गाडी मानखुर्दला अडकली

सायन-पनवेल महामार्गावर, वाशीकडे जाताना डाव्या कडेला सहाचाकी ट्रक उभा आहे. गाडी माझी नाही. ड्रायव्हरदादा एकटेच, क्लीनर नाही, म्हणून थांबलोय.

पार्किंग ब्रेकची मूठ सोडली की मागच्या डाव्या बूस्टरमधून (चाकाजवळचा ब्रेकचा डबा; आतली स्प्रिंग पार्किंग ब्रेक आवळून धरते, हवेच्या दाबाने तो सुटतो) हवा निसटते. प्रेशर चढत नाही, त्यामुळे मागची दोन्ही चाकं जाम. साबणाचं पाणी मारून नळ्या, सांधे, टाकीचा ड्रेन तपासला, सगळं ठीक. माझ्या गाडीच्या टाकीतून हवा देऊन पाहिली, पण फुटक्या घागरीत किती ओतणार! चाकांना दगड लावलेत, त्रिकोण मागे ठेवलाय, ट्रॅफिक पोलिसांना सांगितलंय. बूस्टर उघडायचा नाही हे ठाऊक आहे, आतली स्प्रिंग जीव घेते. माल दुसऱ्या गाडीत घेणं आज शक्य नाही.

त्या बूस्टरची स्प्रिंग बोल्टने आवळून फक्त तिथली पार्किंगची नळी बंद केली, तर उजवं चाक सुटेल. पायाचा ब्रेक चारही बाजूंना लागतोय याची खात्री करून खाडीपुलावरून तुर्भ्यापर्यंत हळू न्यावी, की भरलेल्या गाडीला टोचनच बरं? आणि जागेवर येऊन बूस्टर बदलणारा मेकॅनिक रात्री कुठे मिळेल?